गुरुवारी जेवायला कोण होतं

घंटा वाजली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. सकाळचे दहा वाजलेले, एडिथमावशी भाजीला बाजारात गेलेली, घरात मी एकटी. कोपरानं कसंबसं दार उघडलं तर पायरीवर एक तरुण गोरा उभा. गळ्यात मफलर, खिशातून वही डोकावतेय.

"मादाम, मी वर्तमानपत्राकडून आलोय," तो इंग्रजीत म्हणाला. "गेल्या गुरुवारी या घरी दोन गृहस्थ जेवायला आले होते. एक खूप उंच होते, दुसऱ्यांच्या डोक्यावर टोपी होती. कोण होते ते?"

अशा वेळी काय बोलायचं, ते मला कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकच वाक्य. 'आमच्याकडे कोण येतं ते आम्ही सांगत नाही.' कुणी आलेलं असो नसो, विचारणारा पोस्टमन असो की पोलीस, रोज तेच आणि तेवढंच. पण मला ते वाक्य कधी पटलं नाही बाप्पा. दारात आलेल्या माणसाला असं तोडून बोलायचं? आमच्या नागपुरात निदान पाणी तरी विचारतात.

म्हणून मी बोलले. बोलले कसली, सुटलेच.

"उंच ना? अहो, तो माझा दीर! नागपूरहून आलाय. आणि टोपीवाले म्हणजे त्याचे मेव्हणे. आमच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली आहेत, म्हणून जेवायला बोलावलं होतं. मालकीणबाई चांगल्या आहेत हो, म्हणाल्या इथेच करा स्वयंपाक."

माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती.

त्याचा चेहरा पडला. तरी सभ्य होता बिचारा. "अभिनंदन, मादाम," म्हणाला. मी त्याला थांबवून चार शंकरपाळे हातावर ठेवले, ते खातच तो उतार उतरून गेला. मी दार लावलं आणि स्वतःवर अशी काही खूश झाले की पोळ्या लाटताना गाणं म्हणत होते.

हे जिनिव्हातलं. सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर. आमचे हे तिथल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय कचेरीत देखभाल विभागाचे इंजिनियर होते आणि मी घरात बसून भिंतींशी भांडत होते. एक दिवस ट्राम डोळ्यांदेखत निघून गेली, तेव्हा मी रस्त्यावर उभी राहून तिला अस्सल नागपुरी शिव्या घातल्या. तर मागून आवाज आला, "कायले तरास करून घेतं वं? दुसरी येऊन राहिली ना."

वळून बघते तर पांढऱ्या केसांची, काठीसारखी सरळ एक इंग्रज म्हातारी! तरुणपणी नऊ वर्षं वर्ध्याजवळच्या खेड्यात नर्स होती. बायाबापड्यांत राहून मराठी शिकली, ती थेट वऱ्हाडी. 'मी येतो, मी जातो' असं आमच्या बायांसारखंच बोलायची. मी तिथेच तिच्या गळ्यात पडले. महिन्याभरात मी तिच्या घरी आठवड्यातून तीन दिवस स्वयंपाकाला जाऊ लागले.

ती क्वेकर. म्हणजे ख्रिस्तीच, पण यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, मूर्ती नाही. रविवारी सगळे गोल करून गप्प बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटलं तो उठून दोन वाक्यं बोलतो, नाहीतर तासभर कुणीच काही बोलत नाही. युद्धात जात नाहीत, शपथ घेत नाहीत. मी आपली ऊठसूट 'देवाशपथ' म्हणणारी. ती एकदा मला म्हणाली, "शपथ घातली म्हंजे बाकीच्या वेळी खोटं बोलतं का वं तू?" मी दोन दिवस फुगून बसले होते.

यांच्यात साहेब-बाईसाहेबही नाही. सगळ्यांना नुसत्या नावानं हाक मारायची. आईच्या वयाच्या बाईला मी 'एडिथ' कशी म्हणू? मी मावशी म्हणायला लागले. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, ही पदवी नाही, नातं आहे, चालेल.

तर हे तिचं घर म्हणजे क्वेकरांनी मुद्दाम ठेवलेली जागा होती. मोठमोठ्या सभागृहांत जे देश एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत, त्यांची माणसं इथे येऊन गुपचूप जेवायची. बातमी नाही, फोटो नाही, टिपणं नाही. मावशी मध्यस्थीसुद्धा करायची नाही. वाढायची, आणि ऐकायची.

त्या वर्षी दर गुरुवारी दोघं येत होते. त्यांचे देश शेजारी, आणि सात वर्षं लढाई चाललेली. देशांची नावं मी आजही सांगणार नाही. त्यांची नावंही मला कुणी सांगितली नव्हती, म्हणून मीच बारसं केलं. उंच ते लांबे आणि टोपीवाले टोपे. मावशी हसली खूप, पण तिनं ती नावं कधी वापरली नाहीत. खोटी आहेत म्हणे.

दोन्ही देशांनी एकमेकांचे सैनिक धरून ठेवले होते आणि दोन्ही सरकारं सांगत होती, आमच्याकडे कुणी नाही. लांबे आणि टोपे या घरी येत होते ते त्या सैनिकांसाठी. आधी याद्या द्यायच्या, मग रेडक्रॉसची माणसं छावण्यांत जातील, मग सीमेवरच्या पुलावर अदलाबदल. तीन आठवड्यांपूर्वी लांब्यांनी आपली यादी दिली होती. त्र्याऐंशी नावं, सगळे जिवंत. त्यात टोप्यांचा भाचा होता, त्यांच्या विधवा बहिणीचा एकुलता एक. त्या दिवशी टोपे पहिल्यांदा हसले. दोनदा भात घेतला त्यांनी. मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी एकटीच रडले. आता टोप्यांची यादी यायची होती. आणि हे बाहेर फुटलं असतं तर लांब्यांना मायदेशी परत बोलावलं असतं. त्यांच्या देशात परत बोलावणं म्हणजे तुरुंग.

म्हणून तर मी खूश होते ना! एका थापेत लांब्यांना वाचवलं होतं मी.

मावशी पिशवी घेऊन आली. मी तिला सगळा किस्सा हातवारे करून सांगितला, दिराचं, मेव्हण्याचं, लग्नाचं. शंकरपाळ्यांपर्यंत आले तेव्हा लक्षात आलं की ती हसत नाहीये. कोट न काढताच ती खुर्चीवर बसली होती.

"आता त्या दोघायले सांगा लागते," ती म्हणाली.

"काय सांगा लागते?"

"का आपल्या घरात त्यायच्याबद्दल खोटं बोलल्या गेलं."

माझं डोकंच सणकलं. "मावशी, वेड लागलं काय तुम्हाला? तो पत्रकार गेला, संपलं! लांब्यांना सांगितलं तर ते घाबरून पळतील. ती माणसं कुजतील तिकडे छावणीत. कशासाठी? तुमचं मन स्वच्छ राहावं म्हणून?"

"पत्रकाराले मी काही सांगत नाही. त्याचा हक नाही. पण त्या दोघायचा हाये."

"मी त्यांच्या भल्यासाठीच बोलले ना!"

"होय ना वं." तिनं माझा पीठ लागलेला हात धरला. रागावली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "आज त्यायच्या भल्यासाठी दुसऱ्याले फसवलं. उद्या त्यायच्या भल्यासाठी त्यायलेच फसवशील. तुले मोह होईल, मलेबी होईल. दोघंबी बाहेर सगळीकडे फसवल्या जाऊन राहिले, प्रमिला. इथं येतात ते कायच्यासाठी? माझ्या हातच्या उकडलेल्या बटाट्यासाठी?"

"बटाटे मी करते," मी म्हणाले.

"तेच तं." ती उठली. "तू नको बोलू. मी सांगतो त्यायले. घर माझं हाये."

तो दिवसही गुरुवारचाच. साडेबाराला दोघं आले, नेहमीसारखे दहा मिनिटांच्या अंतरानं. मला टेबलाशी बसावं लागायचं. स्वयंपाकीणबाईनं आत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी जेवायचं, हे त्या घरात चालतच नव्हतं. जेवणाआधी सगळ्यांनी हात धरून गप्प बसायचं, अशीही रीत होती. लांबे आणि टोपे एकमेकांचा हात धरत नसत, म्हणून दोघांच्या मध्ये एका बाजूनं मावशी बसायची आणि समोरच्या बाजूनं मी. म्हणजे दर गुरुवारी दोन परक्या पुरुषांचे हात माझ्या हातात! आमच्या ह्यांना हे मी त्या वर्षात तरी सांगितलं नव्हतं.

एरवी त्या शांततेत मी मनातल्या मनात किराण्याची यादी करायची. त्या दिवशी एकही जिन्नस आठवेना. समोर मावशीनं डोळे मिटलेले. ओठ घट्ट दाबलेले, आणि मानेवरची शीर उडतेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई माझं खोटं आपल्या डोक्यावर घ्यायला निघाली होती, आणि मी तिथे ताठ बसून राहिले होते. मला लाज वाटली. अशी लाज मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाटली नाही.

तिनं तोंड उघडण्याआधी मीच बोलले. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पत्रकार काय म्हणाला, मी काय थाप मारली, दीर, मेव्हणा, सगळं. कुणी मध्ये बोललं नाही. यांच्या शांततेत बोलणाऱ्याला अडवायचं नसतं, हे तोवर त्या दोघांनाही अंगवळणी पडलं होतं.

माझं संपलं तेव्हा लांब्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला. चेहरा पांढराफटक. उठले, बाहेर गेले आणि खुंटीवरून कोट काढायला लागले. मी मागोमाग धावले.

"साहेब, जेवून तरी जा," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांचा एक हात बाहीत गेलेला. "तुम्ही मला हे का सांगितलंत? सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं."

"मला नव्हतंच सांगायचं! सकाळी मी भांडले तिच्याशी. पण ती म्हणते, आज तुमच्या भल्यासाठी मी दुसऱ्याला फसवलं, उद्या तुमच्या भल्यासाठी तुम्हालाच फसवीन. मग तुम्ही इथे कुणाच्या भरवशावर बसायचं?" मी कोटाची दुसरी बाही धरली. "आणि फसवलं असतं हो मी. माझा काही नेम नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे. एवढा उंच माणूस, पण त्या दिवशी मला तो शाळेतून काढून टाकलेल्या पोरासारखा दिसला. त्यांनी कोट परत खुंटीला अडकवला आणि आत गेले. बसले नाहीत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"मी दिलेली यादी खरी नाही," ते टोप्यांना इंग्रजीत म्हणाले. "त्र्याऐंशी नाहीत. बहात्तर आहेत. सप्टेंबरात छावणीत जुलाबाची साथ आली. अकरा जण गेले. मला माहीत होतं. सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता, आणि बाकीच्या बहात्तरांचंही संपलं असतं. म्हणून मी ती नावं तशीच ठेवली."

लांब्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि त्या अकरा जणांची नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. मधले शब्द त्यांच्या भाषेतले, ते मला कळत नव्हते, नावं तेवढी कळत होती. सहाव्या नावाशी ते थांबले. वर बघितलं त्यांनी. आणि मग ते नाव अगदी हळू वाचलं.

टोप्यांचा हात अजून मावशीच्या हातात होता. तो तिनं सोडला नाही.

मला वाटलं, आता टोपे लांब्यांचा गळा धरतील. मी असते तर धरला असता. टोपे ताटाकडे बघतच म्हणाले, "पुढची वाचा." लांब्यांनी उरलेली पाच वाचली. टोप्यांनी कोटातून आपली यादी काढली. पेन मागितलं. मावशीनं दिलं. त्यांनी स्वतःच्या यादीत चार नावं खोडली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. दोघांपैकी कुणीही माफी मागितली नाही आणि कुणी माफ केलंही नाही. भात गार झाला होता. वाढायचं मला सुचलंच नाही.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. तो पत्रकार पुन्हा आला, दिराची चौकशी करायला. मी त्याला ते एकच वाक्य ऐकवलं आणि त्यानंतर सहा वर्षं कुणालाही दुसरं वाक्य ऐकवलं नाही. लांबे सुखरूप राहिले. एप्रिलमध्ये पुलावर अदलाबदल झाली, यादीबरहुकूम. नंतर टोपेच मावशीला म्हणाले, त्या दिवशी पुलावर अकरा माणसं कमी निघाली असती तर आमच्या सैनिकांनी तिथेच गोळीबार सुरू केला असता. सगळ्या पेपरांत फोटो आले. या घराचं नाव कुठेच नव्हतं. मावशीनं एक पेपर बघितला आणि त्याच्यावरच वाटाणे सोलायला बसली.

पण मला सांगायचंय ते त्याच गुरुवारचं.

लांबे खुर्चीत बसून रडत होते आणि मावशी त्यांच्या शेजारी बसून होती. टोपे उठले. मी त्यांना कोट दिला. दारात ते थांबले.

"बहीण माझ्याकडेच राहते, इथेच," ते म्हणाले. "तीन आठवडे मी तिला सांगतोय की तो जिवंत आहे. नुसतं तेवढंच नाही. त्यानं निरोप पाठवलाय म्हणून सांगितलं. बरा आहे, पोटभर जेवतो, तुझी आठवण काढतो. तिला झोप लागावी म्हणून. आता मी जिना कसा चढू?"

मी आत बघितलं. मावशीनं 'जा' म्हणून मान हलवली. मी एप्रनवरच स्वेटर चढवला आणि त्यांच्याबरोबर निघाले.

ट्राममध्ये आम्ही एक अक्षर बोललो नाही. मी, आणि अक्षर बोलले नाही! तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. किल्ली त्यांच्या हातात होती, पण त्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं ते माझ्याच वयाच्या, काळ्या कपड्यांतल्या बाईनं. हात ओले होते, भांडी घासत असणार. तिनं भावाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत भावाकडे.

त्यांनी त्यांच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. तिसरं निघेना.

ती काही रडली-ओरडली नाही. त्यांना बाजूला सारून माझ्यासमोर आली आणि ओल्या हातांनी माझे दोन्ही दंड धरले. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा मोडकं.

"हा मला रोज काहीतरी सांगतो," ती म्हणाली. "तू सांग. खरं?"

काय काय जिभेवर आलं होतं म्हणून सांगू! याद्यांत चुका होतात बाई, एकासारखं दुसरं नाव असतं, अजून नीट कळलेलं नाही, धीर धर. सगळं तयार होतं माझ्याकडे. सकाळी दहा वाजता दीर आणि मेव्हणा जन्माला घातला होता मी, मला काय अवघड होतं? आणि ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मी काहीही म्हटलं असतं तरी तिनं ते घेतलं असतं.

"हो," मी म्हणाले. "खरं आहे."

तिनं डोळे मिटले. तिची बोटं माझ्या दंडात रुतली, मग हळूहळू सैल झाली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझा मुलगा असे निरोप पाठवत नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मला कुणी रडू देत नव्हतं."

आणि तिथेच, उंबऱ्यावर, माझा हात धरून ती रडायला बसली.